गिनीपिगच्या अंगावरचे टक्कल: कारण कळल्याशिवाय मलम नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात पाळीव कुत्र्या-मांजरांच्या आरोग्याविषयी वेळोवेळी उपयुक्त मजकूर येतो. परंतु मुंबईच्या लहान सदनिकांमध्ये, विशेषतः शाळकरी मुले असलेल्या घरांत, हौसेने पाळल्या जाणाऱ्या गिनीपिगविषयी मराठीत फारसे कोणी लिहीत नाही आणि त्याचे परिणाम त्या मुक्या जिवाला भोगावे लागतात. मी जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका असून अनेक वर्षे घरी गिनीपिग पाळत आले आहे. त्यामुळे आमच्या आणि आसपासच्या सोसायट्यांतील मुले व त्यांचे पालक आपापला प्राणी घेऊन माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: केस गळून अंगावर मधेच टक्कल पडले आहे. पावसाळ्यात अशा तक्रारी वाढतात. तोवर घरातले एखादे मलम, खोबरेल तेल, हळद किंवा कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी यांपैकी काहीतरी लावून झालेलेच असते. या घाईविषयी मला लिहायचे आहे. केस गळणे हे केवळ लक्षण आहे. त्यामागची कारणे अनेक आहेत, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात निरुपयोगी, तर प्रसंगी जीवघेणा ठरतो.

आधी एक दिलासा द्यायला हवा. प्रत्येक निरोगी गिनीपिगच्या दोन्ही कानांच्या मागे केस नसलेला छोटासा भाग असतो, आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूलाही तसेच केसविरहित ठिपके असतात. आखूड केसांच्या जातीत ते सहज नजरेला येतात. हे जन्मजात आहे, तेथे कोणतेही औषध लावायचे नसते. पाठीच्या टोकाशी, म्हणजे शेपूट असती तर जिथे असती तिथे, एक तैलग्रंथी असते. नरांमध्ये तिच्या स्रावामुळे केस चिकट होऊन गुंता होतो आणि पाहणाऱ्याला तो चट्टा वाटतो. मऊ ओल्या कापडाने तो भाग हलकेच पुसला की पुरते.

याखेरीज इतरत्र कोठेही त्वचा उघडी पडलेली दिसली, तर पालकांनी औषधाच्या दुकानाकडे जाण्यापूर्वी स्वतः नीट निरीक्षण करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. केस नेमके कोठून गेले, प्राणी खाजवतो आहे का, आणि उघडी पडलेली त्वचा स्वच्छ आहे की तिच्यावर खपल्या, कोंडा किंवा जखमा आहेत, एवढ्या निरीक्षणातून पशुवैद्यकाला अर्धी दिशा मिळते. चट्ट्याचे भरपूर उजेडात काढलेले छायाचित्र आणि तारीख जवळ ठेवावी, कारण चट्टा वाढतो आहे की स्थिर आहे हे आठवणीवर सोडल्यास हमखास चूक होते.

सर्वांत जास्त हाल करणारे आणि सर्वांत जास्त वेळा चुकीचे ओळखले जाणारे कारण म्हणजे खरूज. गिनीपिगची खरूज ट्रिक्सॅकरस केव्हिए नावाच्या, साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यामुळे होते. हा किडा केसांत न राहता त्वचेत बोगदे करून राहतो. खांदे, पाठ आणि मांड्यांचा आतला भाग येथे केस विरळ होऊ लागतात, त्वचा जाड व पिवळसर होते, खपल्या धरतात, आणि खाज इतकी असह्य होते की प्राणी स्वतःच्या नखांनी रक्त काढतो. पुष्कळदा हे किडे प्राण्याच्या अंगावर महिनोन्‌महिने निमूट राहतात. गर्भारपण, दुसरा आजार, निकृष्ट खाणे किंवा नव्या घरात येण्याचा ताण यांमुळे प्रतिकारशक्ती कमी झाली की त्यांची संख्या एकाएकी वाढते. म्हणूनच ‘आमच्याकडे दुसरा प्राणीच नाही, मग खरूज आली कोठून?’ हा प्रश्न जो तो विचारतो, पण त्यातून खरजेची शक्यता दूर होत नाही.

या खाजेचा एक प्रकार पालकांना ठाऊक नसतो आणि तो माहीत असणे फार आवश्यक आहे. खरूज वाढली की नुसत्या स्पर्शानेही गिनीपिगला झटके येतात. तो आडवा पडतो, पाय ताठ करतो किंवा वेड्यासारखा गोल धावत सुटतो. शेजारच्या इमारतीतील एका कुटुंबाने आपल्या मादीला फिट येते असे समजून तिला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवले होते, आणि तिच्या पाठीवरचे टक्कल व हे झटके यांचा काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते. पशुवैद्यकाने खरजेवर उपचार सुरू केले आणि खाज जसजशी उतरली तसतसे झटकेही थांबले. अशा अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर प्राणी खाणे सोडतो, वजन झपाट्याने घटते आणि तो दगावतो.

खरजेवर आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन ही औषधे चांगली लागू पडतात, मात्र त्यांचे प्रमाण प्राण्याच्या वजनावर ठरते आणि ते अतिशय अल्प असते. पूर्ण वाढ झालेल्या गिनीपिगचे वजन साधारणपणे ७०० ते १२०० ग्रॅम असते आणि त्याला आयव्हरमेक्टिन लागते ते एका किलोला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत. गायीगुरांसाठी मिळणाऱ्या एक टक्का द्रावणाच्या एका मिलिलीटरमध्ये तब्बल १० मिलिग्रॅम औषध असते. ते ‘दोन थेंब’ म्हणून अंदाजाने देणे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात यावे. शिवाय या औषधाने किडे मरतात, पण त्यांची अंडी मरत नाहीत. म्हणून डॉक्टर ठरवतील त्या अंतराने मात्रा पुन्हा द्यावी लागते. पहिल्या मात्रेनंतर खाज कमी झाली म्हणून पुढची टाळणारे पालक महिन्याभरात पुन्हा तोच चट्टा घेऊन येतात. एका पिंजऱ्यात राहणाऱ्या सर्व प्राण्यांना, त्यांच्यावर चट्टे नसले तरी, उपचार द्यावे लागतात, आणि पिंजऱ्यातले अंथरूण, लाकडी घरटी, कापडी झोळ्या या सगळ्यांची स्वच्छताही त्याच वेळी करावी लागते. त्वचा खरवडून घेतलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली किडा सापडलाच पाहिजे असेही नाही, कारण तो खोलवर असतो. अनुभवी डॉक्टर लक्षणांवरून उपचार सुरू करतात तेव्हा ‘तपासणीत काही निघाले नाही, तरी औषध का?’ असा संशय पालकांनी घेऊ नये.

उवांचे प्रकरण त्यामानाने सोपे आहे. गिनीपिगच्या उवा साध्या डोळ्यांना दिसतात. कानांमागचे आणि मानेवरचे केस बाजूला केले की बारीक फिकट उवा हलताना आणि त्यांच्या लिखा केसांना चिकटलेल्या आढळतात. या उवा गिनीपिगवरच जगतात, मुलांच्या डोक्यात त्या घर करत नाहीत. खरजेच्या किड्यामुळे मात्र प्राण्याला कुशीत घेणाऱ्याच्या हातांवर किंवा पोटावर काही दिवस खाजरे पुरळ उठू शकते. प्राणी बरा झाला की तेही जाते.

माणसाला खरोखर लागण होते ती गजकर्णाची, आणि मुंबईच्या पावसाळ्यात हा विषय गंभीरपणे घ्यायला हवा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतील आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. बाल्कनीत ठेवलेल्या पिंजऱ्यावर पावसाचे शिंतोडे येतात, अंथरलेला भुसा किंवा कागद वाळतच नाही, आणि अशा दमटपणात बुरशीला हवे ते सर्व मिळते. गिनीपिगमध्ये ट्रायकोफायटॉन जातीची बुरशी बहुतेक वेळा चेहऱ्यापासून सुरुवात करते. नाकाच्या शेंड्याजवळ, डोळ्यांभोवती किंवा कानांवर गोलसर चट्टा पडतो, कडेचे केस तुटके दिसतात आणि त्वचेवर कोंड्याचा थर येतो. पुढे तो पाठीवर पसरतो. खाज असते, पण खरजेइतकी तीव्र नसते, आणि कोवळ्या पिल्लांना लागण लवकर होते. काही प्राण्यांच्या केसांत बुरशी असूनही वरून काहीच दिसत नाही. असा प्राणी मांडीवर घेऊन बसणाऱ्या मुलाच्या दंडावर किंवा मानेवर गोल लाल चट्टा उठला, तर त्वचारोगतज्ज्ञाला घरात गिनीपिग आहे हे आवर्जून सांगावे, नाहीतर मूल बरे होते, पुन्हा प्राण्याला जवळ घेते आणि पुन्हा चट्टा उठतो.

येथेच घरातल्या मलमाचा प्रश्न येतो. खाज आली की लावायची म्हणून आपल्याकडे घरोघरी जी ट्यूब असते, तिच्यात बुरशीविरोधी औषधासोबत अनेकदा तीव्र स्टेरॉइड आणि प्रतिजैविकही मिसळलेले असते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम असूनही ती सर्रास मागून घेतली जातात, आणि त्यांमुळे माणसांमधले गजकर्ण कसे चिवट होत चालले आहे हे त्वचारोगतज्ज्ञ सातत्याने सांगत आहेत. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, म्हणून उपाय लागू पडल्यासारखे वाटते. आत बुरशी मात्र मोकळेपणाने पसरत राहते. गिनीपिगच्या बाबतीत धोका आणखी वाढतो, कारण तो आणि त्याचे सोबती अंगावरचे मलम चाटून गिळतात. चट्टा खरजेचा असेल तर हीच स्टेरॉइडे त्याची प्रतिकारशक्ती खाली आणून किड्यांना रान मोकळे करून देतात. मलम लावून नेलेल्या चट्ट्यातून डॉक्टरांना धड नमुनाही मिळत नाही. बुरशीची खात्री करण्यासाठी चट्ट्याच्या कडेचे केस व कोंडा घेऊन प्रयोगशाळेत ती वाढवून पाहावी लागते आणि त्यात दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. निळसर प्रकाशाच्या दिव्याखाली चट्टा चमकला नाही म्हणजे बुरशी नाही, असा निष्कर्ष काढू नये, कारण गिनीपिगला सामान्यतः होणारी ही बुरशी त्या दिव्याखाली चमकत नाही. उपचार अनेक आठवडे चालतात आणि केस उगवू लागले तरी डॉक्टर सांगेपर्यंत ते थांबवायचे नसतात.

याहून मोठा धोका उरलेल्या प्रतिजैविकांचा आहे. खाजवून झालेल्या जखमा पिकल्या की मुलासाठी आणलेल्या अमॉक्सिसिलिनच्या सिरपचे काही थेंब प्राण्याला पाजावेत, असे सहृदय माणसालाही वाटते. गिनीपिगच्या आतड्यांत गवत पचवणाऱ्या उपयुक्त जिवाणूंची एक नाजूक वसाहत असते. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन यांसारखी पेनिसिलिन गटातील औषधे आणि क्लिंडामायसिन तोंडावाटे दिल्यास ती उद्ध्वस्त होते, विषारी जिवाणू माजतात, जुलाब सुरू होतात आणि थोड्याच दिवसांत प्राणी मरतो. कुत्र्याला किंवा बाळाला चालणारे औषध या प्राण्याला चालेल, असे कधीही गृहीत धरू नये. कुत्र्यांच्या गोचिडांवरची पावडर व थेंब यांनाही हेच लागू आहे. आपल्या दैनिकाने या पत्रातील एवढा एकच परिच्छेद छापला तरी मी समाधानी असेन.

खाज अजिबात नाही, त्वचा स्वच्छ व गुळगुळीत आहे, आणि दोन्ही कुशींवरचे केस एकसारखे विरळ होत चालले आहेत, असे वय वाढलेल्या मादीत दिसले तर विचार अंडाशयातील सिस्टचा करावा लागतो. या द्रव भरलेल्या गाठी गिनीपिग माद्यांमध्ये फार आढळतात. काहींचे पोट फुगीर वाटते, स्तनाग्रांवर खपल्या येतात, स्वभाव चिडका होतो. कोणत्याही मलमाने हे केस परत येणार नाहीत. सोनोग्राफी करून शस्त्रक्रिया करावी की हार्मोनची इंजेक्शने द्यावीत, हे डॉक्टर ठरवतात. गाभण आणि पिल्लांना पाजणाऱ्या मादीचे केसही असेच विरळ होतात, पण ते विणीनंतर आपोआप भरून येतात. दुकानातून आणलेल्या दोन ‘माद्यां’पैकी एक नर निघणे ही तर नेहमीची गोष्ट आहे. मादी दीड-दोन महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो, त्यामुळे केस विरळ का झाले याचा उलगडा कधीकधी अंगभर केस असलेली, उघड्या डोळ्यांची पिल्ले पिंजऱ्यात दिसल्यावरच होतो.

केस मुळापासून न जाता कात्रीने कापल्यासारखे वेडेवाकडे आखूड झाले असतील आणि खालची त्वचा निरोगी असेल, तर ते केस चावून खाल्ले गेलेले असतात. पाठीवरचे असतील तर सोबत्याने, आणि कुशीवरचे, जिथे स्वतःचे तोंड पोहोचते तिथले, बहुधा स्वतःच. कारण कंटाळा, अपुरी जागा, वरचढपणा किंवा गवताचा अभाव. या शेवटच्या कारणाबद्दल मुंबईकरांना थोडे रागावून सांगावेसे वाटते. काकडी, गाजर आणि दुकानातले गोळीखाद्य म्हणजे गिनीपिगचा आहार, असा समज येथे रुजला आहे. वस्तुतः त्याच्या पोटात मुख्यत्वे गवत जायला हवे आणि ते दिवसरात्र समोर असायला हवे, कारण त्याचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि ते गवत चावूनच झिजतात. वाळलेल्या गवताची पाकिटे महाग वाटत असतील, तर देवळाबाहेर गायीसाठी हिरव्या गवताच्या पेंढ्या विकणाऱ्या बाईंकडून ताजी पेंढी घेऊन, धुऊन, पाणी निथळून देता येते. शिळे, गरम झालेले किंवा बुरसटलेले गवत मात्र देऊ नये.

आहाराचा दुसरा धागा जीवनसत्त्व क चा आहे. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीरही हे जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही, आणि याच साम्यामुळे १९०७ मध्ये नॉर्वेतील अ‍ॅक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रॉलिक या संशोधकांना गिनीपिगमध्ये स्कर्व्हीसारखा आजार आहारातून निर्माण करून दाखवता आला. कमतरता झाली की केस राठ व विरळ होतात, जखमा भरत नाहीत, सांधे सुजून प्राणी हालचाल टाळतो, आणि वर सांगितलेल्या खरूज व बुरशी यांनाही वाट मिळते. एका किलोच्या प्राण्याला रोज १० ते ३० मिलिग्रॅम एवढी गरज असते. सुमारे २५ ग्रॅम ढोबळी मिरचीच्या फोडीतून ती बरीचशी भागते. जोडीला कोथिंबिरीच्या काड्या आणि अधूनमधून पेरूची लहान फोड द्यावी. सशासाठीच्या गोळीखाद्यात या जीवनसत्त्वाची हमी नसते, आणि गिनीपिगच्या खाद्यातलेही काही महिन्यांत क्षीण होते. आपल्या उष्ण, दमट हवेत उघडे पडलेले मोठे पोते स्वस्त पडले तरी फायद्याचे नाही. पाण्यात टाकायचे थेंबही लवकर निष्प्रभ होतात.

आता मागणीकडे येते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानांनी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आणि प्राण्यांच्या नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. मुंबईतील विक्रेत्यांनी गिनीपिग विकताना त्याचे लिंग, अंदाजे वय, आहार आणि त्वचेची स्थिती मराठीत लिहून ग्राहकाच्या हाती द्यावी, आणि अंगावर चट्टा असलेला प्राणी उपचार पूर्ण झाल्याशिवाय विकू नये. या दोन गोष्टींचा आग्रह ग्राहकांनीच धरला पाहिजे. परळला १८८६ पासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील अध्यापकांकडून कुत्र्या-मांजरांपलीकडच्या लहान पाळीव प्राण्यांवर आपण पावसाळ्यापूर्वी एखादी लेखमाला लिहून घेतली, तर माझ्यासारख्या शिक्षिकेच्या पत्रापेक्षा वाचकांचे अधिक भले होईल. प्रत्येक पशुवैद्यक गिनीपिग तपासतोच असे नाही, म्हणून आधी दूरध्वनी करून विचारावे. दवाखान्यात नेताना प्राण्याला उपाशी ठेवू नये. टोपलीत गवत आणि ढोबळीची फोड ठेवून वरून सुती कापड टाकावे आणि लोकलच्या गर्दीची वेळ टाळावी, कारण उकाडा त्याला सोसत नाही.

घरी नवा गिनीपिग आणला तर त्याला दोन-तीन आठवडे जुन्या प्राण्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवावे, त्याचे काम सर्वांत शेवटी करून हात साबणाने धुवावेत, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला प्रत्येकाचे वजन करून ते वहीत टिपावे. केसांखाली लपलेला आजार कित्येकदा वजनाच्या आकड्यातून आधी कळतो, आणि डॉक्टरांना औषधाची मात्रा ठरवायला तोच आकडा लागतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नियमित वाचक,
माटुंगा, मुंबई